नळाची वेळ

मंजुषाच्या वॉर्डात नळ रोज यायचा, पण कधी येईल ते कोणी सांगू शकत नव्हतं. कधी पुरतं उजाडायच्या आत तोटी फुसफुसायची, तर कधी सूर्य पार डोक्यावर आल्यावर. मंजुषा लामत्याच्या शाळेत मास्तरीण. पाण्यापायी सकाळची बस हुकली की ती प्रार्थना आटोपल्यावर शाळेत पोचायची आणि हेडमास्तर काही न बोलता भिंतीवरच्या घड्याळाकडे बघायचे. ते बोलले असते तर बरं, असं तिला वाटायचं.

नवरा विवेक नागपूरला नोकरीला. घरी ती आणि सासरे, डोमाजी. डोमाजींची सगळी हयात मँगनीजच्या खाणीत गेली होती. आता कमरेचं ऑपरेशन झालेलं, भरली बादली उचलायची मनाई. तरी ते नळापाशी खुर्ची टाकून बसायचे आणि पहिली धार पडली की, "मंजुषा, आला वो!" अशी हाक मारायचे.

वॉल्व्ह खोलणारा माणूस नथ्थू. सायकलच्या दांड्याला लांबलचक लोखंडी चावी बांधून तो गल्लोगल्ली फिरायचा आणि प्रत्येक गल्लीत बोलणी खायचा. मंजुषाही त्याला सोडायची नाही. एका सकाळी बस गेल्यावर तिनं त्याला रस्त्यातच अडवलं.

"नथ्थूभाऊ, आजही माही बस गेली. काहून इतका उशीर करता?"

"येऊनच तं राह्यलो ना म्याडम."

"पन नियमानं टाइम काय आहे नळाचा?"

नथ्थूनं पाय टेकला. शिव्या त्यानं पुष्कळ ऐकल्या होत्या, पण हे त्याला आजवर कोणी विचारलं नव्हतं. "नियम?" तो म्हणाला. "तो मले नाई माहीत बा."

गावचा कारभार हिंदीतला; वॉर्डाच्या पार्षदाला, म्हणजे नगरसेवकालाही तो माहीत नव्हता. "सुबह आता है, दीदी. सुबह," एवढं म्हणून तो फोनवर बोलायला लागला.

मंजुषाच्या डोक्यातून ती गोष्ट जाईना. पाण्याचं काम ठेक्यावर दिलंय, म्हणजे कधी द्यायचं, किती द्यायचं, हे कुठंतरी ठरलं असणारच. जेवताना ती तसं बोलली, तेव्हा डोमाजींचा घास हातातच राहिला.

"मंग माहितीच्या अधिकारात मांग ना! आपल्याच पान्याचा ठेका आहे, मांगाले लाजाचं काय?"

शनिवारी शाळा लवकर सुटली, तशी ती बसमधून उतरून थेट पालिकेत गेली. माहितीच्या अर्जांच्या टेबलाशी पौर्णिमा नावाची तरुण बाई बसली होती. तिनं मान वर न करताच विचारलं, "किस घोटाले के बारे में है?"

"घोटाला नहीं है," मंजुषा म्हणाली. "मुझे टाइम पूछना है. नल का."

पौर्णिमानं आता मान वर केली. मंजुषा गमतीनं बोलत नाही हे तिच्या लक्षात आलं, आणि मग तीच हसायला लागली. "तुमी मराठी आहा काय? मीबी मराठीच, कटंगीची." तिनं खुर्ची पुढं ओढली. "हे पाहा ताई, नुसता टाइम विचाराल तं चिठ्ठी या टेबलावरून त्या टेबलावर फिरत राहीन. ठेक्याच्या शर्ती मांगा. अन् खाली लिहा, फाइल स्वतः पाहाची आहे. तो तुमचा हक्क आहे."

मंजुषानं तिथंच बसून तसा अर्ज लिहिला. पोच घेऊन बाहेर पडताना तिला उगाचच हलकं वाटलं.

पण गावात बातमी पाण्यापेक्षा वेळेवर पोचते. दोन-चार दिवसांत नथ्थू संध्याकाळी दारात येऊन उभा राहिला. आत या म्हटलं तरी येईना.

"म्याडम, तुमी माही तक्रार केली म्हनते. ठेकेदाराचा सुपरवायझर म्हने, तुले काढूनच टाकतो."

मंजुषाला कानकोंडं झालं. तिनं पर्समधून अर्जाची प्रत काढली आणि दारातच त्याला वाचून दाखवली. "तुमचं नाव कुठं आहे का यात? मी नळाचा टाइम मांगला, नथ्थूभाऊ. तुमची नोकरी नाई मांगली."

डोमाजींनी त्याला हाताला धरून आत बसवलं. चहा झाला. तेव्हा नथ्थू हळूहळू बोलता झाला. टाकीवरचे सगळे वॉर्ड तो एकटाच बघतो. एका ठिकाणी वॉल्व्ह अडकला, की पुढच्या सगळ्यांचं पाणी मागं पडतं. "ताप आला तरी याच लागते. मी नाई आलो तं नळच नाई येत."

"सुट्टी?" डोमाजींनी विचारलं.

नथ्थूनं नुसतंच हसून कप खाली ठेवला. रोज आपण ज्याच्याशी भांडतो त्याला हे कधी विचारलंच नाही, हे मंजुषाला त्या वेळी चांगलंच लागलं.

पालिकेचं उत्तर मुदतीत आलं. फाइल पाहायला यावं, असं त्यात होतं. डोमाजी इस्त्रीचा सदरा घालून तयारच. पौर्णिमानं दोघांना पंख्याखाली जागा करून दिली. मंजुषा हलक्या आवाजात हिंदी कलमं वाचत गेली आणि डोमाजी कानामागं हात धरून ऐकत राहिले. पाइप, मोटर, गळती, दुरुस्ती, आणि मग ते वाक्य आलं: पाणीपुरवठा सकाळी सहाला सुरू व्हावा.

"सहा!" डोमाजी इतक्या मोठ्यानं बोलले की पलीकडच्या टेबलावरचा बाबू दचकला.

मंजुषा मात्र पुढं वाचता वाचता थांबली होती. "मामाजी, हे ऐका. एका टाकीवर तीन मानसं ठेवाची. अन् हरेकाले हप्त्यातून एक सुट्टी."

"अन् तो नथ्थू एकटाच फिरून राह्यला," डोमाजी म्हणाले.

मंजुषानं त्या पानांच्या प्रती घेतल्या. भांडणाची भाषा तिनं ठेवलीच नाही. पाणीपुरवठ्याच्या इंजिनिअरला एक साधं पत्र लिहिलं: ठेक्यात तीन माणसं आहेत, बाकीची दोन कधी येतील ते कळवावं. सोबत प्रती जोडल्या. शेजारच्या बायांनी खाली सह्या केल्या, त्यातल्या निम्म्या नथ्थूला रोज बोलणाऱ्याच होत्या.

इंजिनिअर एका सकाळी स्वतः आला आणि मोटरसायकलवरून नथ्थूच्या मागं मागं फिरला. शेवटच्या वॉर्डापर्यंत जाता जाता ऊन चढलं. ठेकेदाराचा सुपरवायझर कुरकुरला, पण शर्तीपुढं त्याचं काही चाललं नाही. दोन माणसं आली. नथ्थूला काढायची गोष्टच मागं पडली, कारण कोणता वॉल्व्ह उलटा फिरतो आणि कोणत्याला थोपटून घ्यावं लागतं, हे नव्या लोकांना शिकवायला तोच हवा होता.

त्यानंतर मंजुषाची बस चुकली नाही असं नाही. एकदा चुकली, पण ती तिच्या झोपेमुळे. त्यात पाण्याचा काही संबंध नव्हता, हे तिनं हेडमास्तरांना आपणहून सांगितलं.

थंडी सुरू झाल्यावरची गोष्ट. मंजुषा अंगणात घागर विसळत होती. गल्लीतून नथ्थू येताना दिसला, पायी. धुतलेला पांढरा सदरा, कानाला मफलर आणि मागं त्याची बायको, हातात पिशवी घेऊन. रामपायलीला नथ्थूच्या बहिणीकडं निघाले होते. आठवड्याची सुट्टी मिळू लागल्यापासून पहिल्यांदाच दोघं मिळून गावाला जात होते.

बस स्टँडचा रस्ता खरं तर दुसरीकडून जवळ होता.

"पानी आलं का म्याडम?" नथ्थूनं फाटकाशी थांबून विचारलं.

"आलं. सहालेच आलं."

"धार बरोबर आहे? तो नवा पोरगा अर्धाच खोलते कधी कधी."

"बरोबर आहे, नथ्थूभाऊ. जा तुमी."

"जातच आहो," असं म्हणून तो तिथंच थांबला आणि तोटीतून पडणाऱ्या पाण्याकडं बघत राहिला. शेवटी बायकोनं त्याची बाही ओढली. "चला ना आता! बस काय थांबून राहीन तुमच्यासाठी?"

डोमाजी खुर्चीतून हसले. नथ्थू लाजला, त्यानं बायकोच्या हातातली पिशवी आपल्या हाती घेतली आणि दोघं झपाझप चालू लागली.