पार्कमधलं माप

दुधाच्या बाटल्या बर्फाच्या पेटीत होत्या, पेटी गाडीत होती आणि गाडी अंगणात रुसून उभी होती.

ब्रिटाने ऑटोमॅटिक गिअरचा लिव्हर 'ड्राइव्ह'वर ओढला. काहीच नाही. मग एक धक्का बसला, गाडी निघाली, आणि फाटकाशी वळताना पुन्हा तेच: इंजिन बोंबलतंय आणि चाकं ऐकत नाहीत. तिने कशीबशी गाडी मागे घेतली.

रॅपिड सिटीच्या इस्पितळात काचेच्या पेटीत तिची लेक इंगा होती. दिवस भरायच्या आधीच आलेली, मुठीएवढ्या डोक्याची. नळीतून तिला आईचं दूध जायचं. वाटेत ती लांबलचक चढण. तिथे काल गाडी इतकी घसरली, की मागचे ट्रक भोंगे वाजवून थकले. आज तिथेच बसली तर? नोव्हेंबरचा वारा, फोनला रेंज नाही, आणि छातीत पुन्हा भरून आलेलं दूध. शेजाऱ्यांपुढे तरी रोज रोज किती तोंड वेंगाडायचं?

तिचे वडील, व्हर्लिन, एव्हाना बॉनेट उघडून वाकले होते. त्यांची स्वतःची पिकअप इंजिन काढून ओंडक्यांवर ठेवलेली. ही जुनी गाडी जावयाची, टेटची, आणि तीही व्हर्लिन वापरायचे त्याहून दुसऱ्या कंपनीची. लग्नाआधी व्हर्लिननी मुलाच्या आधी त्याची गाडी बघितली होती. "पोरगा बरा असेल गं," म्हणाले होते, "पण हा डबा?"

इंजिन चालू, लिव्हर 'पार्क'मध्ये. त्यांनी गिअरबॉक्समधल्या तेलाच्या मापाची पट्टी ओढली, पुसली, परत घातली, परत ओढली. बोटांत तेल चोळून हुंगलं.

"तेल काठोकाठ आहे. तरी घसरतेय म्हणजे आतल्या प्लेटा गेल्या. वासही जळकट. गिअरबॉक्सच उतरवायला लागेल, पोरी."

"आज?"

"आज कुठला! हिला गॅरेजात ओढूनच न्यावं लागणार."

ब्रिटा स्वयंपाकघरात गेली आणि तिने टेटला फोन लावला. तो वर नॉर्थ डकोटात, तेलविहिरींवर कामाला. वडील काय म्हणाले ते तिने सांगितलं.

"म्हाताऱ्यानं पार्कमध्ये बघितलं ना?" तो लगेच म्हणाला. "त्यांच्या गाड्यांचं चालतं तसं. आपल्या गाडीचं न्यूट्रलमध्ये बघायचं असतं. पार्कमध्ये तेल नुसतं भरलेलं दिसतं."

"मग तूच सांग त्यांना."

"मी? मी 'उजवीकडे' म्हटलं की ते डावीकडे वळतात. इंगा कशी आहे?"

"तुझ्यासारखी. नुसती झोपते," ती म्हणाली, आणि डोळे भरून यायच्या आत तिने फोन ठेवला.

बाहेर वडील चिंधीला हात पुसत होते.

"बाबा, एकदाच परत बघा. मी आत बसते."

"पुसून पुसून पट्टी झिजली की!"

"माझ्या समाधानासाठी."

गाडीचा हँडब्रेक कधीच गेलेला. न्यूट्रलमध्ये ती घरंगळणार, म्हणून एकट्या माणसाने तेल बघायचं तर पार्कशिवाय गत नाही. आणि आई गेल्यापासून व्हर्लिन सगळं एकट्यानेच करत आले होते. ब्रिटाने इंजिन चालू केलं, ब्रेकवर पाय दाबून धरला आणि लिव्हर हळूच न्यूट्रलवर आणला. बॉनेटच्या पलीकडे, गाडीच्या अगदी तोंडाशी, वडील उभे होते. ती सीटच्या टोकाशी सरकली आणि तिने पाय आणखी दाबला.

"पार्कमध्ये आहे ना?" पलीकडून आवाज आला.

हो म्हणणं सोपं होतं.

"नाही. न्यूट्रलमध्ये आहे. पाय ब्रेकवर आहे माझा."

"कुणी सांगितलं असं करायला?"

"टेटनं."

इंजिन घरघरत राहिलं. उघड्या बॉनेटआड त्यांचा चेहरा दिसत नव्हता, फक्त खालच्या फटीतून पट्टीवर ठेवलेला हात दिसत होता.

"पाय काढू नकोस," ते शेवटी म्हणाले.

पट्टी बाहेर आली. टोकाला तेलाचा नुसता डाग.

मग ते शेडमधून डबे आणि लांब नळीचं नरसाळं घेऊन आले. थोडं थोडं ओततायत, बघतायत, पुन्हा ओततायत. माप भरलं तसे तिच्या खिडकीशी आले.

"खूश होऊ नकोस. जळलेलं ते जळलेलंच. शिवाय कुठूनतरी गळतंय." उरलेले डबे त्यांनी मागे टाकले, शेजारी चढून बसले आणि दुधाची पेटी मांडीवर घेतली. "चल."

चढणीच्या पायथ्याशी त्यांनी गाडी थांबवायला लावली आणि स्वतः बॉनेट उघडलं.

"न्यूट्रल!" ते ओरडले. तिने पाय दाबून धरला.

वर चढताना गाडी एकदा कचरली. मग गिअरने पकड घेतली. जळकट वास आत येतच होता. वडिलांनी पेटीवर दोन्ही हात घट्ट ठेवले होते, जणू आत बाळच आहे. माथ्यावर पोचल्यावर खाली शहर दिसलं, आणि परतीला हीच चढण उलट्या बाजूने चढायची आहे, हेही तिला दिसलं.

"त्याला सांग," व्हर्लिन खिडकीबाहेर बघत म्हणाले, "म्हणावं, आधी हँडब्रेक दुरुस्त कर. एकट्या माणसाला जमत नाही हे."