सतराव्या पानावर मेलेला मोकू

आमच्या नगरपालिकेला अक्कल बेताची, पण उत्साह दांडगा. शेजारच्या गावाचा शुभंकर, म्हणजे आत माणूस शिरून नाचवतो तो कापडी बाहुला, तोही एक हसरा मुळा, टीव्हीवर झळकला आणि आमच्या नगराध्यक्षांच्या पोटात दुखू लागलं. गावात नाव घ्यावं असं माणूस एकच, मुलांच्या गोष्टी लिहिणाऱ्या ओगिनोबाई. त्यांचं मोकू नावाचं पाणमांजर घरोघरी ठाऊक. पुस्तकात हा मोकू सतराव्या पानावर मरतो. मग बारा पानं त्याच्या बहिणी त्याच्या वाटणीच्या माशावरून भांडतात आणि शेवटी रडत रडत तो खातात.

नगराध्यक्ष हिराबायाशींनी पुस्तक सोळाव्या पानापर्यंत वाचलं असावं.

"आमचा मोकू स्टेशनवर मुलांना टाटा करील, बाई."

"मेलाय तो."

"गावासाठी एवढं करा की."

"त्याला मारायला मला चार वर्षं लागली, हिराबायाशी. तुमच्या एका मीटिंगमध्ये उठून बसला होय?"

पण हक्क निघाले प्रकाशकाकडे, आणि बाईंचं काही चाललं नाही. बाहुल्यात शिरायला पर्यटन खात्यातला सगळ्यात बुटका माणूस हवा होता. म्हणजे मी. नियम एकच, आतून बोलायचं नाही.

उद्घाटनाला बाई मुद्दाम सुतकाचा काळा किमोनो नेसून पहिल्या रांगेत बसल्या. फोटोसाठी चिओ नावाची सहा-सात वर्षांची मुलगी पुढे आली आणि तिनं माझा पंजा घट्ट धरला.

"तू मेला होतास ना? मग परत कसा आलास?"

मी टाटा केला. दुसरं काय करणार?

"माझे आजोबा गेल्या महिन्यात वारले. त्यांनापण सांग ना, कुठून यायचं ते."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. बाहुल्याच्या तोंडातल्या जाळीतून बाईंकडे पाहिलं, तर त्यांनी मान खाली घातली होती. मग मी सरळ मंचावर आडवा झालो, पंजे छातीवर घेतले आणि हललो नाही.

"ऊठ रे गाढवा," नगराध्यक्ष हसऱ्या तोंडानं पुटपुटले. मी उठलो नाही.

चिओ बराच वेळ वाट बघत उभी राहिली. मग तिनं आपला डबा उघडला आणि भाजलेल्या माशाचा तुकडा माझ्या नाकाशी ठेवला. तिला रडू फुटलं. ओगिनोबाई मंचावर चढल्या आणि गुडघे धरत तिच्याशेजारी बसल्या.

"त्याला नको आता," त्या म्हणाल्या. "आपण खाऊ. अर्धा मला दे."

"मोठा तुकडा माझा," चिओ हुंदके देत म्हणाली.

आणि अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या बाई त्या तुकड्यासाठी तिच्याशी चक्क भांडल्या.