तिसऱ्या माइकच्या पोटातली गोष्ट

मी माइक बोलतोय. हसू नका. आजवर माझ्यासमोर इतके लोक बोलून गेले, पण 'बाबा रे, तुझं काय म्हणणं आहे?' असं एकानेही विचारलं नाही. म्हणून आज मीच तोंड उघडलं.

खरं तर माझं काम बोलायचं नाहीच, ऐकायचं. ऐकलं की लगेच तारेतून पुढे पाठवायचं. माझ्या पोटात काही म्हणजे काही राहत नाही. माणसांत असा कुणी असला तर त्याला नावं ठेवतात. आमच्यात मात्र तोच गुण, आणि त्याचेच पैसे मोजतात.

माझा जन्म कारखान्यातला. एका बाईने श्वास रोखून माझ्या आत एक पातळ पडदा ताणून बसवला. तिच्या फुंकरीनेही तो सुरकुतला असता. मग तिने माझ्यासमोर जिभेने 'टक्' केलं, कानाला लावलेल्या यंत्रात ते ऐकलं आणि मान डोलावली. मी ऐकलेला पहिला आवाज तो. त्यानंतर मला खोक्यात घालून टोकियोला पाठवलं.

तिथल्या सुगिनामी भागात सोबाच्या, म्हणजे शेवयांच्या, दुकानाखाली एक तळघर आहे. तिथे आम्ही चार माइक रांगेत उभे असतो. डावीकडून तिसरा तो मी. समोर पडदा, मागे जाड काच, काचेपलीकडे दिग्दर्शक. पडद्यावर चित्रांतली मुलं तोंडं हलवतात आणि माणसं आमच्यासमोर उभी राहून त्या तोंडांत शब्द घालतात. माणसं वीस आणि माइक चार. ज्याचं वाक्य आलं त्याने पुढे सरकायचं, बोलायचं आणि पावलाचा आवाज न करता मागे व्हायचं. तोवर दुसरा आत आलेला असतो. कुणाचा कुणाला धक्का लागत नाही. हातातल्या संहितेचं पान उलटतात तेही मला कळू न देता.

नव्यांना आधी कपडे शिकवतात. सळसळणारं जाकीट चालत नाही, किणकिणणारं कडं चालत नाही. आणि उपाशीपोटी यायचं नाही! पोटातली गुरगुर मी इमानेइतबारे पलीकडे पोचवतो आणि चांगलं जमलेलं काम वाया जातं. म्हणून तिथे मोठमोठे कलाकारही दाराशी उभे राहून घाईघाईने केळं खाताना दिसतात.

आमच्याकडचं मोठं काम म्हणजे 'कुमोई विद्यालय' ही चित्रमालिका. डोंगरावरची शाळा आणि जगावेगळी पोरं. एकीची सावली तिच्या आधी वर्गात पोचते. दोघा जुळ्यांत एकाचा ताप दुसऱ्याला घेता येतो. सायो नावाची मुलगी दिसेनाशी होऊ शकते, पण दर वेळी जरा जास्त लांब जाते आणि कुणी नावाने हाक मारली तरच परत येते. आणि तोओरु. त्याच्या ओरडण्याने काचा फुटतात, भिंती तडकतात. म्हणून लहानपणापासून त्याला सगळे एकच सांगत आले: हळू बोल.

या पंधरा वर्षांच्या तोओरुचा आवाज म्हणजे पंचावन्न वर्षांच्या मोरिवाकीसान. 'सान' म्हणजे तुमच्याकडचं 'बाई' किंवा 'राव'. ठेंगणी, गोल चष्म्याची बाई. माझी दांडी सगळ्यांत खाली उतरवावी लागायची ती त्यांच्यासाठी. "एक पोरगा माझ्या घशात भाड्याने राहतो," त्या म्हणायच्या, "बारा वर्षं झाली, भाडं म्हणून देत नाही मेला!" आणि दुसऱ्या क्षणी त्याच घशातून तो पोरगा हलक्या आवाजात बोलू लागायचा. मला त्यांचा फार लळा होता. इतर तिघांना वाटायचं मी मिरवतो. मिरवत होतोच.

काचेपलीकडे बसायचे हिरामात्सुसान, आवाजाचे दिग्दर्शक. त्यांचा आवडता शब्द 'पुन्हा'. आधी एक तालीम, मग शेवटची तालीम, मग खरं ध्वनिमुद्रण, ही तिथली रीत. पण यांच्या हाताखाली तेवढ्यावर कधी भागलं नाही. नवे कलाकार त्यांना पाठीमागे 'पुन्हासान' म्हणायचे. मोरिवाकीसान मात्र तालमीतही पूर्ण आवाज लावायच्या. "तालमीत वाचवलेला आवाज मग कुठे न्यायचाय, घरी?" असं म्हणायच्या.

शेवटच्या भागाच्या आधी काही आठवडे मला त्यांच्या आवाजात थोडी खरखर जाणवू लागली. तोओरुच्या शब्दाखाली वाळूचा कण घासावा तशी. काचेपलीकडे ती कुणाच्या लक्षात आली नाही. मी पाठवत होतो सगळं, पण पाठवलेलं प्रत्येकाला ऐकू येतंच असं नाही. आठवडा गेला की कण वाढलेला असायचा. दोन वाक्यांच्या मधे त्या गिळायच्या तेव्हा घसा दुखतोय हे मला कळायचं. मी उरलेले आठवडे मोजू लागलो.

कारण शेवटच्या भागात काय आहे ते मी ऐकून होतो. सायो इतकी लांब जाते की साधी हाक तिला पोचत नाही. आणि ज्याला जन्मभर हळू बोलायला लावलं तो तोओरु तिच्या नावाने ओरडतो. सगळी शाळा फुटेल असा ओरडतो.

तो दिवस उजाडला. स्टुडिओत कितीही वाजता या, आत शिरताना 'शुभ सकाळ'च म्हणतात. मोरिवाकीसानची 'शुभ सकाळ' तर वर सोबाच्या दुकानापर्यंत जायची. त्या दिवशी त्या आल्या, सगळ्यांसमोर वाकल्या आणि गळ्याला रुमाल गुंडाळून कोपऱ्यात बसल्या. शब्द नाही.

पहिली तालीम सुरू झाली. सगळं ठीक चाललं होतं. तोओरु ओरडण्याची जागा आली. मोरिवाकीसान माझ्यासमोर आल्या, त्यांनी छाती भरून श्वास घेतला. आणि तेवढ्यात त्यांच्या खांद्याआडून एक मुलगी आत घुसली आणि म्हणाली, "ऐकू आलं!"

ही उराबे. सायोचं काम करणारी नवी पोर. सायो बहुतेक वेळा दिसतच नाही, त्यामुळे वाक्यंही फारशी नाहीत. अशी कामं नव्यांना देतात. अख्ख्या शेवटच्या भागात तिचं एकच वाक्य होतं. तोओरुची हाक ऐकून परत येताना म्हणायचं: ऐकू आलं.

भिंतीवरच्या कर्ण्यातून हिरामात्सुसान कडाडले. "उराबे! हाक मारायच्या आधीच ऐकू आलं तुला? तुझ्यात पण शक्ती आली की काय?"

सगळे हसले. उराबे कमरेत वाकून माफी मागत राहिली. पुन्हा सुरू केलं. पुन्हा ती जागा, पुन्हा तो श्वास, आणि उराबेच्या हातून संहिता धाडकन खाली. या वेळी कुणी हसलं नाही. नव्या मुलीने मोठ्या कलाकाराचं काम दोनदा बिघडवायचं म्हणजे पुढे तिला कुणी दारात उभं करत नाही.

"दहा मिनिटं विश्रांती," हिरामात्सुसान म्हणाले. त्यांचा सूर मला मुळीच आवडला नाही.

सगळे बाहेर गेले. मोरिवाकीसाननी उराबेची बाही धरून ठेवली. लाल दिवा विझला होता, दोघींना वाटलं आता कुणी ऐकत नाही. अहो, दिवा विझला तरी मी जागाच असतो! पलीकडच्या यंत्रावरची आवाजाची पट्टी कुणी खाली ओढली तरच माझं तोंड बंद होतं, आणि त्या दिवशी ती ओढायची राहिली. काचेपलीकडे हिरामात्सुसान पाठमोरे बसले होते. त्यांच्या बाजूचा कर्णा त्यांच्या कानाशी होता.

"मुद्दाम केलंस ना?" मोरिवाकीसान घोगऱ्या आवाजात म्हणाल्या.

"हो."

"कुणी सांगितलं तुला?"

"कुणीच नाही. तुम्ही आज 'शुभ सकाळ' म्हणाला नाहीत. आणि मी रोज तुमच्या मागेच उभी असते, मोरिवाकीसान. ऐकू येतं मला."

नका बोलू, नका बोलू, मी मनात म्हणत होतो. इथे नका बोलू, बाहेर जा!

"गाठ आहे घशात," त्या म्हणाल्या. "डॉक्टर म्हणाला, एकदा ओरडाल. दुसऱ्यांदा ओरडायला आवाज उरेलच असं नाही."

"मग नका ना ओरडू! हिरामात्सुसानना सांगा. दुसरं कुणीतरी ओरडेल."

"दुसरं कुणी?" त्या एवढ्या चिडल्या की आवाज फाटला. "अगं, बारा वर्षं त्या पोराला गप्प बसवलंय मी. हळू बोल, हळू बोल. आज पहिल्यांदा त्याला ओरडायची मुभा मिळाली, आणि ते परक्याच्या घशातून? माझ्याकडे एकदाच पुरेल एवढा आवाज आहे. तो मीच लावणार, तालीम असो की काही."

"तालमीत नुसतं पुटपुटा तरी."

"आणि मग सगळ्यांना कळू दे? माझं काम काढून घेऊ दे?"

उराबे रडू लागली. आणि हे सगळं मी शब्दन्‌शब्द पलीकडे पाठवत होतो. तो खरखरीत आवाज, ते रडणं, तो गाठ हा शब्द. माझ्या स्वभावाचा मला इतका राग कधी आला नव्हता. एक गोष्ट, फक्त एक गोष्ट मला पोटात ठेवता आली असती तर! काचेपलीकडे यंत्रावर बसणाऱ्या पोराने दचकून पट्टीकडे हात नेला. हिरामात्सुसाननी त्याचं मनगट धरलं. शेवटपर्यंत ऐकलं आणि मग स्वतःच्या हाताने पट्टी खाली ओढली.

संपलं, मला वाटलं. आता ते आत येतील आणि सौजन्याने, वाकून, बाईंना घरी पाठवतील.

ते आत आले नाहीत. माणसं जागेवर आली, लाल दिवा लागला, कर्णा खरखरला.

"त्या प्रसंगाची तालीम नको," हिरामात्सुसान म्हणाले. "थेट घेऊ. एकदाच."

खोलीत चुळबुळ झाली. पुन्हासान आणि एकदाच? मोरिवाकीसाननी झटकन मान वर करून काचेकडे पाहिलं. हिरामात्सुसान संहितेत डोकं घालून बसले होते. त्यांना काही म्हणजे काही माहीत नसल्यासारखे.

वीस माणसं भिंतीला टेकून उभी राहिली. कारण कुणालाच ठाऊक नव्हतं, पण या वेळी चूक चालायची नाही हे प्रत्येकाला कळलं होतं. एखादं पान वाजलं, कुणाला खोकला आला, उराबेच्या पोटाने दगा दिला, तर दुसरी संधी नव्हती. उराबेने सकाळपासून काही खाल्लं नव्हतं हे मला चांगलं माहीत होतं. तिने दोन्ही मुठी पोटात रुतवल्या होत्या.

पडद्यावर तोओरु शाळेच्या छपरावर आला. मोरिवाकीसाननी गळ्याचा रुमाल सोडला, माझ्याजवळ आल्या, श्वास घेतला. आणि—

"सायोऽऽऽऽ!"

कारखान्यातल्या त्या बाईने ताणलेला पडदा फाटतो की काय असं वाटलं. बारा वर्षांचं दाबून ठेवलेलं ओरडणं होतं ते. शेवटाशी मला काहीतरी तुटल्याचं कळलं, पण आवाज थांबला नाही, तुटलेला आवाजच पुढे गेला आणि मग हवा झाला.

आता त्यांनी मागे व्हायचं होतं. त्या हलल्या नाहीत. हलताच येईना त्यांना. उराबेचं वाक्य जवळ आलं. दुसऱ्या माइककडे जायला वेळ नव्हता. ती त्यांच्या हाताखालून वाकून शिरली, तोंड माझ्याकडे केलं आणि म्हणाली:

"ऐकू आलं."

तो अभिनय नव्हता.

प्रसंग संपला. लाल दिवा मात्र जळत होता. ओरडण्याचा शेवट फाटला होता, एरवी एवढ्यावर त्यांनी पाच वेळा 'पुन्हा' म्हटलं असतं. मी काचेकडे डोळे लावून बसलो होतो. म्हणू नका, हिरामात्सुसान, तो शब्द म्हणू नका.

कर्णा खरखरला. "झालं," ते म्हणाले, आणि लगेच बटण सोडलं.

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मोरिवाकीसान चारही बाजूंना वाकल्या. आभार मानायला तोंड उघडलं, ओठ हलले. माझ्यापर्यंत काहीच आलं नाही.

त्यांची शस्त्रक्रिया झाली. उन्हाळा सरता सरता त्या योकान नावाच्या गोड वड्यांचा डबा घेऊन भेटायला आल्या. तेव्हा स्टुडिओत हिरामात्सुसान आणि उराबे, एवढेच होते. सवयीने त्या माझ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या. उराबेने न सांगता माझी दांडी खाली उतरवली.

"भाडेकरू गेला," त्या म्हणाल्या. आवाज खोल आणि खरखरीत, एका म्हातारीचा. त्यात तो पोरगा कुठेच नव्हता. मला रडू आलं असतं, पण माझ्या पडद्याला ओल चालत नाही. मग त्या जराशा पुढे झुकल्या आणि त्याच नव्या आवाजात हळूच म्हणाल्या, "सायो."

काचेपलीकडे हिरामात्सुसाननी बटण दाबलं. मग कर्णा खरखरला.

"ऐकू आलं," हिरामात्सुसान म्हणाले.

आता मी थकलो. दमट दिवसांत माझ्या आत कडकड होते, म्हणून मला कोरड्या कपाटात ठेवतात आणि माझ्या जागी एक नवा, चकचकीत माइक उभा असतो. पोरगा चांगला आहे. थोडा मिरवतो. मिरवू दे.

तुमचा निरोप घेण्याआधी एक सांगायचं राहिलं. त्या दिवशी उराबे 'ऐकू आलं' म्हणाली ना, त्याच क्षणी तिच्या शब्दाखाली मोरिवाकीसानही काहीतरी बोलल्या होत्या. नुसत्या श्वासाने. उराबेचा आवाज वर होता, म्हणून पलीकडे कुणाला ते कळलं नाही आणि पडद्यावर पाहणाऱ्यांनाही कधी कळणार नाही. त्या स्वतःच्या घशातल्या पोराला म्हणाल्या, "जा बाळा आता. शाबास."

एवढी एकच गोष्ट माझ्या पोटात राहिली होती. तीही आज तुम्हाला सांगून टाकली. स्वभावाला औषध नाही. तुम्ही तरी ती पोटात ठेवा.