रत्नाबाईंची दाढ

माले गावच्या भातगिरणीत बावीस वर्षं एकच माप चालत आलं होतं, रत्नाबाईंची दाढ. खळ्यावर आंबेमोहराचं भात वाळत पडायचं, बाई पायांनी ते खालीवर करत ओव्या म्हणत फिरायच्या आणि मधेच वाकून एक दाणा दाढेखाली धरायच्या. ओला असला तर चेपायचा, वाळला की कट्‌कन तुटायचा. फार वाळू दिलं तर गिरणीत तांदूळ राहत नाही, नुसती कणी पडते. म्हणून बाईंनी 'भरा' म्हटल्याशिवाय पोत्याला कुणी हात लावत नसे.

त्या दाढेतलं शहाणपण कागदावर उतरवायला ऋतिका आली होती. पुण्यातल्या एका विद्यापीठाचा नि गिरणीचा तसा करारच होता. शेतीची पदवी घेतलेली मुलगी दोन वर्षं गिरणीत काम करणार, विद्यापीठातल्या मॅडम तिला वाट दाखवणार, जे हाती लागेल ते दोघांचं. लातूरकडची पोर पौडला खोली घेऊन राहिली. पहिल्या हंगामात बाईंच्या मागं मागं हिंडून तिनं ओलावा मोजायचं मीटर त्यांच्या दाढेशी जुळवलं. 'भरा' म्हणजे चौदा टक्के ओलावा, हे तेव्हा ठरलं.

यंदा मीटर बिघडलं. दुरुस्त होऊन आलं, पण ते पहिल्यासारखंच दाखवतंय का, हे पुन्हा त्या दाढेवरच ताडून बघायचं होतं. ऋतिका आकडा वाचायची, बाई दाणा चावायच्या, वहीत दोन्ही शेजारी शेजारी लागायचं. एकेचाळीस वेळा बघितलं, एकेचाळीस वेळा जुळलं. मॅडम खूश होत्या. सोमवारी अहवाल जायचा होता.

दाढ आता तोंडात नाही, हे फक्त रत्नाबाईंना ठाऊक होतं. दिवाळीआधी दवाखान्यात उरलेल्या दाढा काढल्या, कवळी बसवली. कवळीला काय कळणार? तिला ओला दाणाही तसाच नि वाळकाही तसाच. बाई सवयीनं दाणा तोंडात टाकत, डोळ्यांच्या कडेनं मीटर बघत, चौदा दिसलं की 'भरा' म्हणत. दाढ गेली म्हटल्यावर खळ्यावर आपलं काय काम? भात तुडवायला पाय कुणाचेही चालतात. या धसक्यानं त्या गप्प राहिल्या. दिवाळीपासून ओवीही गळ्याबाहेर आली नव्हती.

आणि यंदा कणी फार पडत होती. भरडायचं यंत्र कैलासच्या हाती, म्हणून मालक शैलेशचा सगळा राग त्याच्यावर. कैलासनं दोनदा रोलर उघडून घासून पुसून बसवले, तरी कणी ती कणीच. आज सकाळी शैलेशनं चारचौघांत सांगून टाकलं, पुढच्या आठवड्यापासून दुसरा माणूस बघतो. कैलासनं हातावरची कणी फुंकून टाकली आणि तो आत गेला.

बाईंचे पाय तिथंच थांबले. मग त्या ऋतिकाजवळ येऊन सावलीत बसल्या.

"वही मीट जरा, पोरी. माजी दाढ न्हाई राहिली. दिवाळीच्या आदीच गेली. मी तुज्या यंत्राकडं बघूनच 'भरा' म्हनतीया."

ऋतिकानं वहीतल्या जुळलेल्या आकड्यांवरून बोट फिरवलं.

"आणि मी तुमच्याकडे बघून, मीटर बरोबर आहे असं लिहितेय, मावशी."

दोघींना हसू आलं, पण थकलेलं, लगेच विरणारं.

"कैलासचं यंत्र धड हाय. भातच जास्त वाळतंय. सांग शेटला. मी जाते घरी."

बाई पिशवी घ्यायला वाकल्या. ऋतिकानं काहीतरी करायचं म्हणून एक दाणा स्वतःच्या दाढेखाली धरला. गेल्या वर्षीही तिनं असं पुष्कळदा करून पाहिलं होतं, कधी काही उमगलं नव्हतं. पण पिशवीकडं गेलेला बाईंचा हात मधेच थांबला.

"आनखी एक चाव."

तिनं चावला. बाईंनी पदर मागं सारून कान तिच्या गालाशी आणला.

"चेपला. वला हाय."

मग दुपारभर दोघी उन्हात फिरल्या. बाईंनी भात खालीवर करायचं, पोरीनं चावायचं, बाईंनी ऐकायचं. बाईंच्या तोंडून ओवीचे दोन चरण निघाले, कापऱ्या आवाजात:

*उन्हात माझं भात, वास मोहराचा दारी,*
*दाणा बोले दाढेखाली, ऐक ऐक गं पोरी.*

तिसऱ्या फेरीला दाणा कट्‌कन तुटला.

"भरा."

मीटरवर साडेसोळा होते, म्हणजे चौदा दिसेपर्यंत भात फार वाळून जात होतं. ऋतिकानं एकेचाळीस ओळींवर एक लांब रेघ ओढली आणि शैलेशला जाऊन सांगितलं, की चूक कैलासची नाही, आकड्यांची आहे, सोमवारी अहवाल जाणार नाही. मॅडमनाही तिनं फोन करून तेच सांगितलं.

ते पोतं दिवस मावळायच्या आत भरडून झालं. कैलासनं ओंजळभर तांदूळ बाईंसमोर धरला. दाणा न्‌ दाणा अख्खा होता.

"होळीला तुजी दोन वर्सं भरली की तू जानार," बाई ऋतिकाला म्हणाल्या. "मग मी कुनाचं दात ऐकायचं?"

ऋतिका जबडा चोळत होती. दुपारभर चावून तो दुखत होता.

बाईंनी कैलासकडं मान वळवली.

"तुजं हायेत का रं शाबूत? का तंबाखूनं खाल्लं?"

"उजवीकडचं हायेत," कैलास म्हणाला.

"मग उद्या सकाळी तोंड धुऊन ये."