खरखर माझी, घाई तुमची

मी ट्रक बोलतोय. भंगार नव्हे, ट्रक. हा फरक आधीच नीट ऐकून घ्या, कारण मध्यंतरी तो फारच थोड्या लोकांना कळत होता.

जन्म कुठल्याशा दूरच्या कारखान्यातला, पण मी वाढलो गोव्यातल्या डिचोलीत. कृष्णनाथ मला घरी घेऊन आला तेव्हा त्याचं नुकतंच लग्न झालेलं. विनोदिनी तबक घेऊन दारात उभी, आणि आधी ओवाळायचं कुणाला, नवऱ्याला की ट्रकला, हे तिला सुचेना. तिने मला ओवाळलं. कृष्णनाथ त्यावरून तिला अजून चिडवतो.

तेव्हा खाणी जोरात होत्या. खाणीवर खनिज भरायचं, नदीकाठच्या जेटीवर ओतायचं, तिथून मालवाहू बार्ज ते मुरगाव बंदरात न्यायची, आणि मी पुन्हा रांगेत. लाल धूळ माझ्या काचांवर, कृष्णनाथच्या भुवयांत आणि विनोदिनीच्या दोरीवरच्या कपड्यांत. रस्त्याकडेच्या लोकांनी आम्हाला शिव्या घातल्या, त्यातल्या बऱ्याच रास्तही होत्या. पण भरलेला माल घेऊन मी कधी चढावर बसलो नाही, हे कुणीही सांगेल.

मग खाणी बंद पडल्या. मला घराजवळ फणसाखाली उभं केलं. उजवी बाजू चिऱ्यांच्या गडग्याला, कुंपणाच्या भिंतीला चिकटलेली, डावी अंगणाकडे. शेजारपाजारचे ट्रक एकेक करून कापायला गेले. माझ्या हौद्यात कोंबड्या अंडी घालू लागल्या, तरी कृष्णनाथने मला विकलं नाही. अधूनमधून इंजिन सुरू करायचा आणि स्टिअरिंगवर हात ठेवून नुसता बसून राहायचा.

विनोदिनीचा भाऊ यशवंत जुन्या गाड्यांना भंगारवाले शोधून देतो. येताजाता माझ्या बंपरवर थाप मारायचा आणि म्हणायचा, "भावजी, लोखण आसा तोवर दिवन उडयात. मागीर कितें गंज विकतले?" लोखंड आहे तोवर देऊन टाका, नंतर काय गंज विकणार, असं त्याचं म्हणणं. मला ती थाप कधीच आवडली नाही. बाजारात बैलाच्या पाठीवर मारतात तशी होती.

यंदा खाणीवर पुन्हा ट्रक लागणार असं ठरलं. कृष्णनाथ हरखून गेला. नवे टायर आणले, मला रंग दिला, पासिंगची तारीख घेतली. पासिंग झालं तर मी खाणीच्या रांगेत, नाही तर यशवंतच्या हातात. आदल्या दिवशी दुपारी त्याने मला रस्त्यावर काढलं आणि माझ्या पुढच्या चाकांतून आवाज सुरू झाला. खर्र, खर्र, खर्र. जात्यात खडा अडकल्यासारखा.

ट्रकने आवाज केला की जो तो डॉक्टर होतो. यशवंतने तर खाली वाकायचेही कष्ट घेतले नाहीत. "बेरिंग गेलां. आवाजूच सांगता. आतां तरी आयकात म्हजें."

कृष्णनाथ वैतागला होता. "फाल्यां पासिंग जालें ना जाल्यार व्हर हाका," तो म्हणाला. म्हणजे उद्या पासिंग झालं नाही, तर यशवंतने मला घेऊन जावं!

मला धक्का बसला. इतकी वर्षं सांभाळलं आणि एका खरखरीवर माझा निकाल! रागही आला, खोटं कशाला बोलू?

पण हार मानणं त्याच्याही अंगात नाही. त्याने जॅक लावला, तोही उजव्या चाकाला. ड्रायव्हरचं आयुष्य उजव्या खिडकीत जातं, त्यामुळे जगातला प्रत्येक आवाज त्याला उजवीकडूनच येतो. चाक वरखाली धरून हलवलं, जरासुद्धा ढिलं नव्हतं. फिरवलं, गुपचूप फिरलं. हब उघडला, बेरिंग ठणठणीत.

"पळयलें? रोग भितर आसा," यशवंत म्हणाला. अरे, डावीकडे या, डावीकडे! मी मनात ओरडत होतो. पण मला ओरडायला खरखरीशिवाय दुसरं आहे काय?

तेवढ्यात विनोदिनी पदर खोचून पुढे आली. "तुमी हाका सवकास चलयात. हांव कुशीन चलतां."

कृष्णनाथने मला गडग्यांमधून जाणाऱ्या गावच्या रस्त्यावर हळू हाकलं. ती माझ्या डाव्या चाकाबरोबर चालत राहिली. थोड्या वेळाने म्हणाली, "आवाज ह्या कुशीन आसा."

"गडग्याक आपटून येता गे तो."

"गडगो रावता थंयच. आवाज म्हज्या वांगडा चलता."

गडगा जागच्या जागी, आवाज मात्र तिच्याबरोबर! डावं चाक उचललं. हाताने फिरवताच खर्र! पण हलवून पाहिलं तर तेही घट्ट, म्हणजे बेरिंग शाबूत. मग त्याने ब्रेकचा ड्रम काढला. ड्रम आणि मागची पत्र्याची प्लेट यांच्यामध्ये गंजक्या तारेचे तुकडे घासून चपटे झाले होते. एकाला झेंडूच्या माळेचा दोरा अजून चिकटलेला.

दोघं तो दोरा बघत बसली. दर दसऱ्याला कृष्णनाथ मला माळ घालायचा. छदाम न मिळवणाऱ्या ट्रकला! उजवीकडे गडगा, हात जात नसे, म्हणून माळ डाव्या चाकालाच. ती तारेने बांधायचा आणि येणाऱ्याजाणाऱ्याला टोचू नये म्हणून टोकं चाकाच्या भोकांतून आत दाबून ठेवायचा. फुलं वाळून गळायची, तार गंजून तुटायची, तुकडे आत पडायचे. माझ्या जिवावर उठलेला आवाज त्याच्या पूजेतून आला होता. हे कळलं आणि माझा सगळा राग गळून गेला.

"हांवेंच केलें गे हें," तो पुटपुटला.

"वायट कितें केलें?" विनोदिनी म्हणाली. "हाका मेल्लो म्हणूंक ना, इतलेंच न्हय?" खरंच, त्याने मला कधी मेलेला म्हटलं नव्हतं, एवढंच.

दुसऱ्या दिवशी माझी चाकं निमूट फिरली आणि पासिंग झालं. परतताना यशवंत गिऱ्हाईक घेऊन वाटेत उभा होता. कृष्णनाथ थांबला नाही. त्याने लांबलचक हॉर्न दिला, आणि मीही छाती फोडून वाजलो.

आज मी पुन्हा खाणीच्या रांगेत आहे. म्हातारा झालोय, चढावर धाप लागते. एक दिवस मलाही कापायला नेतील, ते मला ठाऊक आहे. पण नुसत्या कुरकुरीवरून कुणाला मोडीत काढू नका. आधी चाकं उचलून बघा, दोन्ही बाजूंची. आणि कधी डिचोलीच्या चढावर मी भरलेला पुढे असेन, तुम्ही मागे घाईत असाल, तर खुशाल हॉर्न वाजवा. मी साइड देणार नाही.