न विचारता विकलेली गिरणी

मी एक जुनी पिठाची गिरणी आहे. मित्रांनो, माझा आवाज आता पार बसला आहे, तेव्हा जरा जवळ येऊन ऐका.

एका फिटरने मला आपल्या राहत्या घराच्या पुढच्या खोलीत बसवलं. घर त्याच्या वडिलांकडून आलेलं. "हे तिन्ही पोरांचं," असं तो येणाऱ्याजाणाऱ्याला सांगे. तो गेल्यावर थोरला नोकरीसाठी दुसऱ्या शहरात राहिला, बहीण लग्न होऊन पलीकडच्या गल्लीत गेली, आणि धाकटा माझ्यापाशी उरला. माझे झिजलेले दगड छिन्नीने टाकी लावून खरबरीत करणं, पट्टा ताणणं, सगळं तोच करी. भुवया कायम पांढऱ्या, म्हणून लोक त्याला 'पिठोबा' म्हणत.

"पिठोबा, मागच्या वेळी पीठ नाही, रवा दिलास!"

"मग रव्याचे पैसे कुठे घेतले, मावशी?" असं म्हणत तो खोकत खोकत हसायचा.

एका सकाळी एक अनोळखी माणूस टेप घेऊन आत शिरला आणि भिंत मोजू लागला.

"काय मोजताय?" पिठोबाने विचारलं.

"माझी जागा," तो साधेपणाने म्हणाला. "तुमच्या दादांनी विकली मला. तुम्हाला ठाऊक असेलच की."

पिठोबाने माझं बटण बंद केलं. माझे दगड थांबायच्या आत त्याने थोरल्याला फोन लावला.

थोरला आला तो चढ्या आवाजातच. "घरातला मोठा मी. मुलाला धंदा लावून द्यायचा होता, विकलं. ती घरचीच गरज ना?"

"कोणाला विचारलंस?"

"तू नाहीच म्हणाला असतास!"

तेवढ्यात बहीण आली. "आणि मी? माझाही वाटा आहे यात."

"तू तर या घरातून गेलेलीस."

"गेले रे दादा, मेले नाही."

पिठोबा आणि बहीण कोर्टात गेले. निकाल लागेपर्यंत जागा कोणीही वापरायची नाही, असा हुकूम आला आणि दाराला कुलूप लागलं. पिठोबा बहिणीकडे राहून दुसऱ्याच्या गिरणीवर रोजाने जाऊ लागला. माझ्या पट्ट्यावर उंदरांनी ताव मारला. बाहेरून डब्यांचा आवाज आला की मला वाटे, आता दार उघडेल. मग तसं वाटणंही थांबलं.

तो टेपवाला निवृत्त ड्रायव्हर होता. आयुष्यभराची कमाई घालून त्याला इथे औषधांचं दुकान टाकायचं होतं. तारखेहून परतताना तो आमच्या पायरीवर टेकायचा. पिठोबा त्याच्यासाठी चहा आणायचा. दोघंही एकाच माणसाने बुडवलेले. भांडायचं तरी कोणाशी?

शेवटी निकाल लागला. थोरल्याला फक्त स्वतःचा वाटा विकता येत होता, भावाबहिणीचा नाही. ड्रायव्हरला मागची अरुंद खोली मिळाली. पुढची खोली पिठोबा आणि बहिणीकडे आली. लोक म्हणाले, जिंकलात! कुलूप काढून पिठोबा आत आला, माझ्या अंगावरची धूळ त्याने हाताने पुसली, आणि त्याला अशी ढास लागली की बहिणीने त्याला धरून खाली बसवलं. तिनेच थोरल्याला बोलावून घेतलं.

थोरला उंबऱ्यातच थांबला. केस पिकले होते, मुलाचा धंदाही बसला होता. "चुकलं माझं," तो म्हणाला. "पण खरं सांग, विचारलं असतं तर हो म्हणाला असतास?"

पिठोबाने श्वास जमवला. "हो म्हणालो असतो. पिठाने छाती भरलीय, गिरणी सोड, असं डॉक्टरांनी तेव्हाच सांगितलं होतं. तू येशील, तेव्हा सांगू म्हटलं. तू आलास तो विकून."

थोरला आत येऊन पिठोबाशेजारी जमिनीवर बसला. बहीण भिंतीकडे तोंड करून रडली. मला रडता येत नाही, मित्रांनो. पण तेव्हा मला फार, फार थकल्यासारखं झालं.

काल भंगारवाला आला होता. पिठोबाला आता मला चालवणं जमत नाही. "बोला मालक, उचलू का?" भंगारवाल्याने विचारलं.

"थांब जरा," पिठोबा म्हणाला. "ताईला विचारतो. आणि दादालाही."

"त्यांचा काय संबंध?"

"बापाने बसवलेली आहे ती," एवढंच म्हणून तो चप्पल घालून निघाला.

मित्रांनो, मला तेलपाणी मिळालं नाही याचा राग नाही. लोखंड आज ना उद्या गंजणारच. पण तुमच्या घरात जे सगळ्यांचं आहे, त्याला एकट्याने हात लावण्याआधी बाकीच्यांच्या दारात जा. नकाराची भीती वाटली, तरी जा.