तिसऱ्या अंकातलं प्रॉम्प्टिंग

नाटक लिहिलं रत्नप्रभाने आणि कार्यक्रमपत्रिकेवर नाव छापून आलं माझं. लेखक : नीळकंठ दाणी. मी तिचा नवरा. कारखान्याची पत्रं टाइप करण्यापलीकडे मी आयुष्यात काही लिहिलेलं नाही.

हा प्रताप गोपीनाथरावांचा. भोपाळच्या आमच्या कॉलनीतल्या मराठी मंडळाचे ते सेक्रेटरी आणि ऑफिसात माझे साहेब. बाईचं नाटक म्हटलं की चार इमली या सरकारी वसाहतीतली अफसर मंडळी हळदीकुंकू समजून फिरकणार नाहीत, असं त्यांचं म्हणणं. मी मान डोलावली. खोटं कशाला बोलू, छापलेलं नाव बघून मला गुदगुल्याही झाल्या.

रत्नप्रभा नागपूरच्या एका साप्ताहिकाला चार वर्षं इथल्या बातम्या पाठवत होती, त्याही माझ्याच नावाने. पत्रिका वाचून ती एवढंच म्हणाली की बातम्या दिल्या, नाटक देणार नाही. पडदा उघडण्याआधी खरं नाव जाहीर करा. गोपीनाथराव हो म्हणाले आणि त्यांनी जाहीर केलं नाही.

नायक मीच होतो आणि तिसरा अंक मला पाठ नव्हता. कोणालाच नव्हता. हौशी मंडळी आम्ही; सगळी भिस्त विंगेतल्या प्रॉम्प्टरवर, आणि प्रॉम्प्टर रत्नप्रभा. दोन अंक तिने बिनबोभाट पार पाडले. तिसऱ्यात नायक घर सोडून निघालेल्या बायकोची विनवणी करतो, चांगलं पानभर भाषण. मी "माझं चुकलं, सुनंदा" म्हटलं आणि विंगेकडे कान लावला. काहीच नाही. वळून पाहिलं तर तिने वही मिटून छातीशी धरलेली.

प्रेक्षक चुळबुळू लागले. पहिल्या रांगेतून गोपीनाथराव डोळे वटारत होते. नोकरी जाते की काय, असं वाटलं. मला रत्नप्रभाचा राग आला आणि त्याहून जास्त स्वतःची लाज वाटली.

मी पुढे आलो. "मंडळी, हे नाटक मी लिहिलेलं नाही. माझ्या पत्नीने लिहिलं आहे."

विंगेतून ती बोलली, सगळ्या हॉलला ऐकू जाईल अशी. "पत्नीला नाव आहे."

"रत्नप्रभा दाणी," मी म्हणालो. "आणि चार वर्षं माझ्या नावाने छापून आलेल्या बातम्याही तिच्याच."

गोपीनाथराव उठून दाराकडे निघाले. रत्नप्रभा विंगेतून थेट उजेडात आली.

"बसा, गोपीनाथराव. अंक संपायचा आहे."

ते बसले. मग तिथेच, सगळ्यांसमोर उभं राहून, तिने मला पुढचं वाक्य दिलं.